वाढत्या अंगाचा हार्नेस

पहिला हार्नेस मी एक माप मोठा घेतला. आमच्याकडे अंगावर घालायची वस्तू कायम तशीच घेतली गेली. वडील गिरणीत होते. शाळेचा शर्ट घ्यायला नेलं की ते काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणायचे, "वाढत्या अंगाचा दाखवा." पहिल्या वर्षी त्या शर्टात मी हरवलेला असायचो, दुसऱ्या वर्षी तो मला व्हायचा आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाला. यात वडिलांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. फक्त एवढंच की शर्टातून पोरगा निसटून जात नाही. कुत्रा जातो.

कुत्रा माझ्या दुकानामागे सापडला. चारकोपला माझं सोफ्याचं कापड, फोम आणि पडद्यांचं दुकान आहे. माझं म्हणजे माझंच, कुणी हातात आणून दिलेलं नाही. आधी दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे तागे खांद्यावरून वाहिले, मग फुटपाथवर उशांचे अभ्रे विकले, मग गाळा भाड्याने घेतला आणि शेवटी विकत. गाळ्याच्या मागे आम्ही फोमचे तुकडे टाकतो, तिथे एका कुत्रीला पिल्लं झाली. बाकीची कुणी ना कुणी नेली, एक राहिलं. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती आणि घरात भांड्यांशिवाय कशाचाच आवाज होत नव्हता. मी पिल्लू पिशवीत घातलं, स्कूटरला अडकवलं आणि बोरिवलीला घरी आणलं.

बायकोने पिशवीत डोकावून बघितलं. "ह्येका कोण बघतलो?" ती मालवणकडची. राग आला की मालवणीत बोलते आणि माया आली तरी मालवणीतच. त्यातलं कोणतं काय हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही.

पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं तेव्हा गळ्याच्या पट्ट्याने ते खोकायला लागलं, इतकं ओढायचं. म्हणून मी त्याला कांदिवलीला प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने टेप काढून पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजला आणि मधल्या मापाचा हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा, काढला.

"मोठा दाखवा," मी म्हणालो.

"काका, हा बरोबर बसतोय. मोठा घेतलात तर निसटेल."

"निसटायला तो काय बांगडा आहे? वाढतंय अजून पोर."

"वाढला की तेव्हा घ्या ना."

"म्हणजे तुमची दोनदा विक्री. दुकान माझंही आहे, भाऊ."

भाव करायची माझी एक पद्धत आहे. आपला शेवटचा भाव सांगायचा, हात झटकायचे आणि उठून चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. घाईही करायची नाही. दाराशी चपला शोधायला जरा वेळ लावायचा. पायरी उतरायच्या आत हाक येते, "अहो शेठ, या इकडे!" कापडाच्या गिरण्यांच्या एजंटांपासून गाळ्याच्या मूळ मालकापर्यंत सगळ्यांनी मला अशी हाक मारलेली आहे. माझं दुकान त्या हाकेवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशीही हाक आली. मोठा हार्नेस मला मधल्याच्या भावात मिळाला आणि मी खुशीत घरी आलो. बायकोने तो कुत्र्याच्या अंगावर चढवला, पट्ट्या शेवटपर्यंत आवळल्या आणि मानेखाली हात घालून बघितलं. अख्खी मूठ आत गेली.

"यात अजून एक कुत्रा मावेल," ती म्हणाली.

"दोन महिन्यांनी बघ."

दोन महिने जायची वेळच आली नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे, जाळीचं दार हाताने ओढायचं. आम्ही चौथ्या मजल्यावर. एका संध्याकाळी मी कुत्र्याला फिरवून आणलं आणि लिफ्टमध्ये शिरलो, तेवढ्यात सेक्रेटरीच्या आई आत आल्या. सोसायटीचा सेक्रेटरी सहाव्या मजल्यावर राहतो. बँकेतून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा, नोटिशी फार सुबक लिहितो. त्याच्या आई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, बारीक अंगाच्या, हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर आणि खारीचा पुडा. खारीचा वास आला आणि कुत्रा पुढे झेपावला. मी मागे ओढलं. तो मागे सरकला, मान खाली घातली आणि त्या सैल हार्नेसमधून मागच्या मागे असा बाहेर आला, जसा माणूस टीशर्ट काढतो. पट्टे आणि कड्या माझ्या हातात राहिल्या आणि कुत्रा आजींच्या अंगावर.

आजी लिफ्टच्या फरशीवर बसल्याच. मी हादरलो. पण त्या कुत्र्याकडे बघून म्हणाल्या, "मेल्या, खारी खातोस माझी! चहात बुडवून तरी खा." त्यांचं मनगट दुखावलं होतं, मुका मार. मी त्यांना उठवलं, तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितली आणि सहाव्यापर्यंत सोडून आलो. दारातून आत जाताना त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. हे मी सांगतोय म्हणून नव्हे, माझ्या बायकोनेही बघितलं आहे. आरडाओरडा ऐकून ती वर आली होती.

तरी सोसायटीची मीटिंग लागली. पहिला विषय, कुत्रे आणि लिफ्ट. मीटिंग तळमजल्यावरच्या ऑफिसात. गणपती त्याच खोलीत बसतो, म्हणून तिथे बाराही महिने चपला बाहेर काढून जायची पद्धत आहे. सेक्रेटरी उभा राहिला आणि म्हणाला की यांनी लेखी माफी द्यावी, कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधावी, अंगाला नीट मापाचा पट्टा घालावा आणि मग खुशाल लिफ्ट वापरावी.

"माफी मी आजींची मागितलेली आहे," मी म्हणालो. "लिफ्टमध्येच. तुमची कशाबद्दल मागू? तुमच्यावर उडी मारली का त्याने?"

"प्रश्न शिस्तीचा आहे."

"मग शिस्तीने विचारा. चोराला विचारतात तसं नको."

"आवाज खाली करा."

"आवाज माझाच आहे, सोसायटीने बसवलेला नाही!"

दोघेतिघे हसले. मला वाटलं, गाडी रुळावर आली. जाळी मला मान्य होती, मापाचा पट्टा मान्य होता, अडलं होतं ते फक्त त्या लेखी माफीवर, आणि असा सौदा माझ्या हिशेबाने दोन मिनिटांचा असतो. म्हणून मी माझं नेहमीचं केलं. "ठेवा तुमची लिफ्ट तुमच्याकडे," म्हणालो, उठलो आणि बाहेर आलो. बाहेर चपलांचा ढीग होता. माझ्या चपला समोरच होत्या, मला दिसत होत्या. तरी मी त्या शोधत राहिलो. एक उचलली, ठेवली, दुसऱ्याची सरकवली. आतून आवाज येत होते. माझ्या नावाची हाक काही आली नाही. थोड्या वेळाने आत पाण्याच्या टँकरचा विषय सुरू झाला, तेव्हा मी चपला घालून वर गेलो. जिन्याने.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुबक अक्षरात नोटीस लागली, कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई. असा नियम कायद्याने करता येत नाही हे मला एका वकील गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. म्हणाला, एक पत्र पाठवतो, सरळ येतील. मी नको म्हणालो. कोर्टाने उघडलेल्या दारातून मला जायचं नव्हतं. त्यांनी मला बोलवायला हवं होतं.

मग आम्ही जिन्याने जायला लागलो. कुत्र्याला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट आनंदच. मी लगेच दुसरा, बरोबर मापाचा हार्नेस आणला होता, त्या वेळी भावही केला नाही. सकाळी हार्नेसची क्लिप वाजली की तो दाराशी नाचायचा, माझ्यापुढे धडाधड उतरायचा आणि प्रत्येक मजल्याच्या वळणावर थांबून वर बघायचा. मी येतोय हे दिसलं की पुढचा जिना. खाली गोराईच्या रस्त्याला लागलो की खाडीकडून वारा यायचा आणि तो उभा कान वाऱ्याकडे करायचा. सेक्रेटरी समोरून आला तर मी मोबाईल काढून बघायचो. तोही बघायचा. माझ्या पायांना व्यायाम होतो असं मी लोकांना सांगायचो. आजी मला त्यानंतर फारशा दिसल्याच नाहीत. त्या लिफ्टने, मी जिन्याने. त्या गेल्या तेव्हा मी खाली मागच्या रांगेत उभा राहिलो. खांदा द्यायला पुढे झालो नाही. माणसं भरपूर होती.

अशी वर्षं गेली. मग एका सकाळी कुत्रा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला आणि उठेना. आधीच्या काही महिन्यांत मागचे दोन्ही पाय एकदम टाकून सशासारखा चढायला लागला होता, ते आम्ही बघितलं होतं. बायको म्हणायची काहीतरी आहे. मी म्हणायचो वय आहे. कांदिवलीच्या डॉक्टरीण बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला. माझ्या मुलीपेक्षा लहान असतील, बोलतात मात्र माझ्या आईसारख्या.

"कमरेचे सांधे झिजलेत, काका. जिने किती?"

"चौथा मजला."

"लिफ्ट नाही?"

"आहे."

"मग?"

मी बायकोकडे बघितलं. ती कुत्र्याच्या कानामागे खाजवत होती.

"लिफ्टमध्ये नेत नाही आम्ही," मी म्हणालो.

त्यांनी औषध लिहिलं, वजन कमी करायला सांगितलं आणि जिना बंद म्हणाल्या.

"एकदम बंद नको ना डॉक्टर. एका वेळचा? उतरायचा तरी? चढताना मी उचलतो."

"काका, हे पडद्याचं कापड नाही, इकडचं तिकडे धरायला."

तरी मी हटलो नाही. खाली गेल्याशिवाय तो घरात काही करतच नव्हता, अवघडून कळवळायचा. खाली जाणं म्हणजे त्याचा जीव होता आणि तेच जायला आलं होतं. शेवटी बाईंनी आधाराचा हार्नेस सांगितला. पुढचा भाग छातीला, मागचा भाग पोटाखालून मांड्यांच्या पुढे, आणि पाठीवर पिशवीला असतात तशा दोन मुठी, एक खांद्याजवळ, एक कमरेशी. त्यांनी तो स्वतः बांधून दाखवला. आधी उभं करायचं, बसलेल्या कुत्र्यावर बांधायचा नाही. पट्टी काखेत घुसता कामा नये, काखेच्या मागे हवी. प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. तीन गेली तर सैल, एकच गेलं तर घट्ट. मूठ पाठीच्या रेषेत सरळ वर धरायची आणि उचलायचं नाही. पाय त्याने टाकायचे, आपण फक्त त्याचं थोडं वजन हलकं करायचं. घरी आलं की लगेच काढायचा.

मी बोटं घालून बघितली. दोन. पहिल्या हार्नेसमध्ये गेलेली बायकोची मूठ मला आठवली. तिलाही आठवली असणार.

आणलेला हार्नेस मला काही पटला नाही. पट्ट्यांच्या कडा कडक, पोटाखालचं अस्तर पातळ. सोफे शिवणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. दुकानात नेऊन मी उत्तम फोम कापला, वर मऊ रेग्झिन चढवलं, कारण रेग्झिनला पाणी लागत नाही, पुसलं की झालं. मशीनवर मी स्वतः बसलो, बऱ्याच वर्षांनी. टाके असे आले होते की गिऱ्हाइकाला दाखवावेत. दोनेक आठवडे आम्ही मजेत चढलो-उतरलो. मग बायकोला त्याचं अंग पुसताना वास आला. काखेतले केस गेले होते, कातडी लाल आणि ओली.

डॉक्टरीण बाईंनी अस्तर चिमटीत धरलं. "हे काय आहे?"

"रेग्झिन. चांगल्यातलं आहे."

"मुंबईत? तुम्ही रेग्झिनचा शर्ट घालून जिने चढता का?"

त्याच दिवशी टाके उसवले. माझे दोन जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले बनियन कापले आणि काढून धुता येतील अशा खोळी शिवल्या, म्हणजे एक वाळत असताना दुसरी चढवता येते. जखम भरेपर्यंत मी त्याला हातांवर उचलून नेलं. एकदा खाली, एकदा वर, मध्ये प्रत्येक वळणावर बसून. माझी कंबर गेली ती तेव्हा.

त्यानंतर त्या हार्नेसची मी जेवढी निगा ठेवली तेवढी दुकानातल्या मालाचीही ठेवली नसेल. वेल्क्रोमध्ये केस अडकले की पकड जाते, म्हणून जुन्या टूथब्रशने ते काढायचे. लहान मुलांच्या शाम्पूने धुवायचा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी ओतायचं, कारण राहिलेल्या साबणाने खाज सुटते. गॅलरीत सावलीत वाळवायचा; उन्हात ठेवला की बकलचं प्लॅस्टिक कडक होऊन कधीतरी नको तिथे तुटतं. खाडीच्या हवेत कड्या गंजतात, त्या कोरड्या फडक्याने पुसायच्या. बाहेर काढायच्या आधी प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ओढून बघायची. बायको एकदा म्हणाली, "एवढा त्या लिफ्टसाठी केला असतात तर..." आणि कुकरकडे निघून गेली.

कुत्रा हळूहळू जड होत गेला. अंगाने नाही, मुठीला. पाय कमी टाकायचा, वजन जास्त द्यायचा. एका संध्याकाळी मी दुकानातून आलो तर बायकोने चहा समोर ठेवला आणि उभीच राहिली.

"मी सांगून आलेय," ती म्हणाली.

"कुणाला?"

"वर. सहाव्यावर."

माझं डोकं फिरलं. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"कोणी सांगाक कित्याक व्हया?"

"माफी मागितलीस?"

"कुत्र्याक जिनो जमणा नाय, एवढाच सांगलंय."

"आणि तो काय म्हणाला?"

"'आणा की उद्यापासून,' म्हणाले. दारातच. मग चहा विचारला."

"घेतलास?"

"घेतला."

"इतकी वर्षं मी जिने झिजवले आणि तू वर जाऊन चहा पिऊन आलीस?"

"तुम्ही नाय झिजवलास," ती म्हणाली. "त्येणां झिजवले." आणि कुत्र्याकडे बोट दाखवलं. तो आपल्या जागेवर झोपलेला होता, एक कान उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार्नेस बांधला, बोटं घालून बघितली आणि लिफ्टचं जाळीचं दार ओढलं. दाराचा खणखणाट झाला तसा कुत्रा मागे सरकला. लहानपणी तो लिफ्टमध्ये बसत होता, पण ते त्याला आठवत नसावं. त्याच्या दृष्टीने घरातून निघालं की डावीकडे जिना असतो. त्याने डावीकडे ओढ घेतली. मी आत उभा राहून बोलावलं, बायकोने मागून हळूच ढकललं. मग तिने खारी आणली. मी खारी लिफ्टच्या फरशीवर ठेवली, मग उंबऱ्याजवळ आणली. त्याने मान लांब करून तुकडा उचलला, पुढचे पाय बाहेरच ठेवून, आणि पुन्हा जिन्याकडे बघितलं. दार उघडं असल्याने लिफ्ट अडकली होती आणि वरून कुणीतरी सारखं बटण दाबत होतं.

माझा संयम तेवढाच असतो. "धर तू त्याला," मी बायकोला म्हणालो. "मी एकटा खाली जातो. मी गेलेला दिसला की ओरडेल. मग परत वर येतो, बघ कसा आत शिरतो."

"अहो, असं नका करू."

मी दार ओढलं आणि बटण दाबलं. लिफ्ट सरकायला लागली. जाळीतून त्याचे पाय दिसत होते, मग फक्त नखं, मग फरशी. मी मुद्दाम वर बघितलं नाही. तळमजल्यावर दार न उघडता उभा राहिलो, त्याच्या भुंकण्याची वाट बघत. तो भुंकला नाही. बायकोची किंकाळी आली.

तो जिन्याने निघाला होता. मी खाली गेलो म्हणजे जिन्यानेच गेलो असणार आणि पुढच्या वळणावर भेटेन, एवढंच त्याला ठाऊक. बायकोच्या हातून दोरी सुटली होती. कसा चढलो मला माहीत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो सापडला. घसरला होता, पण पडला नव्हता, कारण कमरेची मूठ सेक्रेटरीने दोन्ही हातांनी धरली होती. लिफ्ट अडकली म्हणून तो सहाव्यावरून जिन्याने खाली येत होता आणि बायकोचं ओरडणं ऐकून धावला होता. धापा टाकत होता. त्याने मूठ इतकी वर ओढली होती की कुत्र्याचे मागचे पाय हवेत लोंबत होते.

"अहो, उचलू नका!" मी ओरडलो. "नुसतं धरा!"

"धरलंय ना!"

"असं नाही. पाय टेकू द्या त्याचे. मूठ सरळ वर. ओढू नका हो!"

"मग तुम्ही या की इकडे! नुसते खालून ओरडताय!"

इतक्या वर्षांनंतरचं आमचं हे पहिलं बोलणं. मी वर गेलो, पोटाखालून फिरलेली पट्टी सरळ केली, त्याच्या पायांवरून हात फिरवला. तो थरथरत होता, पण मला बघून शेपटी हलवली, वळणावर भेटल्यावर हलवायचा तशी. बायको वरच्या पायरीवर बसून रडत होती. तिला म्हटलं, जा, पाणी पी, ठीक आहे तो. खरं तर त्याला आता वर नेणं आणि खाली नेणं सारखंच होतं, आणि त्याला खालीच जायचं होतं. मी पुढची मूठ घेतली. सेक्रेटरीने मागची सोडली नव्हती.

"असं?" त्याने विचारलं.

"थोडं खाली. हां."

एकेक पायरी उतरत आम्ही पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबलो. कुत्रा धापा टाकत होता, आम्ही दोघेही.

"आई विचारायची याला," सेक्रेटरी म्हणाला.

"कधी?"

"कायम. 'तो खारीचोर दिसत नाही रे हल्ली.' मी सांगायचो, जिन्याने जातात ते. मग म्हणायची, 'का? जा, बोलावून आण त्याला. माझा काही हात मोडला नाही.' शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही एकदा म्हणाली."

"मग?"

"मी म्हणायचो, आई, उठून तो गेलाय. यायचं त्याने." त्याने मूठ दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिवशी मीटिंगमध्येसुद्धा मला वाटलं, बाहेरच उभे आहात, येताय परत. बराच वेळ सावली दिसत होती दारात."

"मी चपला शोधत होतो," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. चला. पायरी बघा."

खाली आल्यावर कुत्रा नेहमीच्या भिंतीशी गेला, मागचे पाय लटपटत, आणि बराच वेळ उभा राहिला. आम्ही दोघं मुठी धरून दोन्हीकडे बघत होतो. खाडीकडून वारा आला तसा त्याने कान उभा केला. आजींना एकदा खाली बोलावून कुत्रा दाखवायला काय लागलं असतं, हे मी तिथे उभं राहून मोजायला गेलो आणि मला काही मोजता येईना. त्यांनी मला हाक मारली होती. ती सहाव्या मजल्यावरून खाली पोचली नव्हती, एवढंच. ती मुलाने अडवली की चपलांपाशी उभं राहून मी ऐकायची सोडून दिली, यावर अजूनही मी मनातल्या मनात भांडतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. त्याने काही होत नाही.

लिफ्टमध्ये कुत्रा अजूनही शिरत नाही. आम्ही फळी टाकून बघितली, जुनं पांघरूण आत अंथरून बघितलं. डॉक्टरीण बाई म्हणतात, जितके दिवस पाय टाकतोय तितके दिवस जिना चालेल, पण दोघांनी धरून. उतरताना पुढे मी असतो, मागे सेक्रेटरी. फळ्यावरची नोटीस कुणी काढली नाही, पण तिच्यावर आता पाणीकपातीचा कागद चिकटवला आहे. चूक झाली असं त्याने म्हटलेलं नाही. मीही म्हटलेलं नाही. सकाळी तो दाराशी येतो, चपला बाहेर काढतो आणि गुडघे मोडून कुत्र्याशेजारी बसतो. हल्ली मागचा पट्टा तोच बांधतो.

"बरोबर आहे?" तो विचारतो.

मी दोन बोटं घालून बघतो. बहुतेक वेळा सैल असतो. मी हळूच थोडा आवळतो.